रॅकेट घेण्याआधी ती मोजा



वार्षिक परीक्षा संपली, की ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या तिन्ही गावांत बॅडमिंटनचा मोसम सुरू होतो. कुणाला हॉलमध्ये तासभर जागा मिळते, तर कुणी दोन इमारतींच्या मधल्या जागेत दोरी बांधून खेळतो. खाडीवरून वारा सुटला, की फूल थेट पहिल्या मजल्याच्या सज्जावर जाऊन बसते! खेळ कुठेही चालो, एक प्रश्न मात्र सगळीकडे ऐकू येतो : "रॅकेट कुठली घ्यावी?" उत्तरही ठरलेले असते. अमुक विजेता जी वापरतो ती, किंवा दुकानात जी सर्वांत महाग असते ती.

मला वाटते, हा प्रश्नच चुकीच्या पद्धतीने विचारला जातो. सर्वांसाठी चांगली अशी रॅकेट नसते. तुमच्या हाताला, तुमच्या ताकदीला आणि तुमच्या खेळाला जुळणारी रॅकेट असते. ती ओळखायला जाहिरात लागत नाही. एक वजनकाटा, एक पट्टी आणि एक घड्याळ एवढे पुरते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हातात असलेली रॅकेट थोडी न जुळणारी असली, तरी तिच्या स्वभावाप्रमाणे हात वळवता येतो. त्याला पैसे पडत नाहीत. या दोन्ही गोष्टी का खऱ्या आहेत, ते आपण पाहू.

नियम वजनाबद्दल गप्प आहेत

हा खेळ आपल्याला परका नाही. १८७०च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत आणि त्याचे सुरुवातीचे नियमही तिथेच बांधले गेले. म्हणून त्या काळी या खेळाला 'पूना' असेही नाव होते. पुढे इंग्लंडमधील ज्या वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले, तो वाडा म्हणजे बॅडमिंटन हाउस. १९४०च्या दशकात क्रिकेटपटू दि. ब. देवधर यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन यांनी पुण्याचे नाव या खेळात गाजवले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली मलायातील स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले.

या सर्वांच्या हातात लाकडी चौकटीच्या रॅकेटी होत्या. अशी रॅकेट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही जड असे. पावसाळ्याच्या दमट हवेत लाकूड वाकू नये, म्हणून खेळ झाल्यावर ती चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. पुढे पोलादी दांडा आला, ॲल्युमिनियमची चौकट आली आणि १९८०च्या दशकात कार्बन तंतूंच्या रॅकेटी सगळीकडे पसरल्या. आजच्या बहुतेक चांगल्या रॅकेटी ७५ ते ९५ ग्रॅमच्या आत असतात.

नियमपुस्तकात मात्र एक गंमत आहे. रॅकेटची एकूण लांबी ६८० मिलिमीटरपेक्षा आणि रुंदी २३० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे नियम सांगतो. विणलेल्या भागाची लांबी २८० आणि रुंदी २२० मिलिमीटर यांच्या आत असावी, असेही सांगतो. पण वजन किती असावे, याबद्दल तो काहीच बोलत नाही. ते वजन कुठे वाटलेले असावे, याबद्दलही नाही. म्हणजे दोन रॅकेटींमधला खरा फरक जिथे असतो, तिथे निवड सर्वस्वी तुमच्यावर सोडलेली आहे. मग ती डोळे मिटून का करावी?

पाच ग्रॅमचे फूल

रॅकेट ज्याला मारते, ते फूल आधी पाहू. त्याला १६ पिसे असतात आणि त्याचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते. कॅरमची सोंगटीही साधारण एवढ्याच वजनाची असते. आता कॅरमचाच विचार करा. तुमचा स्ट्रायकर १५ ग्रॅमचा, म्हणजे सोंगटीच्या तिप्पट जड असतो. सोंगटी जोरात जावी म्हणून तुम्ही काय करता? स्ट्रायकर जोरात मारता. तो आणखी जड असता, तर फरक पडला असता, पण थोडाच.

हे आकड्यांत मांडता येते. जड वस्तू हलक्या स्थिर वस्तूवर आदळली, तर हलक्या वस्तूला मिळणारा वेग दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे जड वस्तूचा वेग. दुसरी म्हणजे जड वस्तूचे वजन भागिले दोघांचे मिळून वजन, हा अपूर्णांक. समजा, आदळताना रॅकेटच्या डोक्याचा ३० ग्रॅम भार कामाला येतो. फूल ५ ग्रॅमचे आहे. अपूर्णांक झाला ३० भागिले ३५, म्हणजे ०.८५७. आता डोके २० टक्के जड करू, म्हणजे ३६ ग्रॅम. अपूर्णांक झाला ३६ भागिले ४१, म्हणजे ०.८७८. डोके २० टक्क्यांनी वाढवले, पण फुलाचा वेग वाढला सुमारे अडीच टक्के! याउलट रॅकेट १० टक्के वेगाने फिरवली, तर फुलाचा वेगही १० टक्के वाढतो.

याचा अर्थ सरळ आहे. जड डोक्याची रॅकेट ज्याला हलकीइतक्याच वेगाने फिरवता येते, त्याला तिचा थोडा लाभ होतो. पण तिच्यामुळे ज्याचा हात मंदावतो, त्याचे नुकसान लाभापेक्षा मोठे असते. मुरलेल्या खेळाडूचा दंड आणि तुमचा दंड यांत फरक आहे. त्याला लाभलेली रॅकेट तुम्हाला जाचक का ठरते, याचे कारण यातच आहे.

जाहिरातीत स्मॅशच्या वेगाचे आकडे असतात, तेही नीट वाचायला हवेत. भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधील एका रॅकेट-कारखान्यात ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारला. हा जागतिक विक्रम आहे आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण हा वेग फूल रॅकेट सोडते त्या क्षणाचा आहे. पिसांमुळे फुलाला हवेचा विरोध फार होतो. साधारण दर सव्वातीन मीटरला त्याचा वेग निम्मा होतो. म्हणजे ५६५ चे २८२, मग १४१ आणि पावणेदहा मीटरवर जेमतेम ७०. कोर्टाची लांबी १३.४० मीटर असते, हे लक्षात घ्या. तेव्हा सामना केवळ सुटतानाच्या वेगावर जिंकला जात नाही. फूल कुठे पडते आणि परतीच्या फटक्याला तुमची रॅकेट वेळेवर तयार असते का, यावर तो जिंकला जातो.

घरची प्रयोगशाळा

आता मोजमापाकडे वळू. तुमच्या घरी एक आणि मित्राकडे एक, अशा दोन रॅकेटी असल्या तरी पुरे.

पहिले माप वजनाचे. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याचा काटा चालेल. रॅकेटवर छापलेले वजन सहसा गटिंग आणि वरची ग्रिप सोडून असते. योनेक्ससारख्या कंपन्या वजनाचे गट अक्षरांनी दाखवतात. त्यांत '३ यू' म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम आणि '४ यू' म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम. तुम्ही मात्र हातात येते तशीच, सगळ्या साजासह रॅकेट तोला.

दुसरे माप तोलबिंदूचे. पट्टी काठावर उभी धरा आणि तिच्यावर रॅकेट आडवी ठेवून मागेपुढे सरकवा. ती जिथे तोलून राहील तिथे तिचा गुरुत्वमध्य आहे. मुठीच्या बुडापासून ते अंतर मोजा. ते साधारण २८ ते ३१ सेंटिमीटर भरते. अंतर जितके जास्त, तितके वजन डोक्याकडे झुकलेले.

बहुतेक लोक इथेच थांबतात. पण ही दोन मापे पुरेशी नाहीत. रॅकेट आपण नुसती उचलत नाही, ती फिरवतो. फिरवताना प्रत्येक ग्रॅमचा विरोध त्याच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. मुठीच्या बुडापासून ८ सेंटिमीटरवरचा एक ग्रॅम आणि ६० सेंटिमीटरवरचा एक ग्रॅम वजनाला सारखेच, पण फिरवायला दुसरा पहिल्यापेक्षा ५६ पट जड! फिरण्याला होणाऱ्या या एकूण विरोधाला जडत्व आघूर्ण म्हणतात. रॅकेट 'चपळ' आहे की 'सुस्त', हे त्यावर ठरते.

म्हणून तिसरे माप झोक्याचे. स्वेटर विणायची सुई किंवा सायकलचा सरळ स्पोक घ्या. तो मुठीच्या बुडाशी आडवा, जाळीच्या पृष्ठाला काटकोनात येईल असा, रबरबँडने घट्ट बांधा. सारख्या उंचीची दोन स्टुले जवळजवळ ठेवून स्पोकची दोन टोके त्यांच्या कडांवर टेकवा. रॅकेट खाली लोंबू लागेल. तिला वीतभर बाजूला नेऊन सोडा. रॅकेट कडेच्या दिशेने हवा कापत झुलायला हवी. एकदा जाऊन परत आली की एक झोका. असे २० झोके किती सेकंदांत होतात ते मोजा. उत्तर २८ सेकंदांच्या आसपास येईल. त्याला २० ने भागा. मग वजन गुणिले तोलबिंदूचे अंतर गुणिले झोक्याच्या काळाचा वर्ग, हा गुणाकार करा. तोलबिंदूचे अंतर या वेळी स्पोकपासून घ्या. दोन रॅकेटींचे हे गुणाकार ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात त्यांचे जडत्व आघूर्ण.

तीन रॅकेटींचा ताळा

नमुन्यादाखल तीन रॅकेटी घेऊ.

पहिली : वजन ९० ग्रॅम, तोलबिंदू २९.५ सेंटिमीटर, २० झोक्यांना २७.९ सेकंद. गुणाकार सुमारे ५,१६७.

दुसरी : वजन ८४ ग्रॅम, तोलबिंदू ३०.५ सेंटिमीटर, २० झोक्यांना २८.२ सेकंद. गुणाकार सुमारे ५,०९३.

तिसरी : वजन ८४ ग्रॅम, तोलबिंदू २८.५ सेंटिमीटर, २० झोक्यांना २७.६ सेकंद. गुणाकार सुमारे ४,५५९.

आता पाहा. दुसरी रॅकेट पहिलीपेक्षा ६ ग्रॅमनी हलकी आहे. दुकानात ती 'हलकी' म्हणूनच विकली जाईल. पण फिरवायला दोघी जवळजवळ सारख्याच. त्यांच्यातला दीड टक्क्याचा फरक तर घड्याळ दाबण्यातल्या चुकीतही येऊ शकतो. दुसरी आणि तिसरी काट्यावर अगदी सारख्या आहेत. पण फिरवायला तिसरी १० टक्क्यांहून अधिक हलकी आहे. केवळ वजन विचारून घेणारा ग्राहक दोन्ही वेळा फसला असता.

आणखी एक समजूत तपासू. "डोके जड वाटते? मग मुठीवर आणखी एक ग्रिप गुंडाळ," असा सल्ला तुम्ही ऐकला असेल. पहिल्या रॅकेटच्या मुठीवर, बुडापासून ८ सेंटिमीटरवर, ५ ग्रॅमची ग्रिप गुंडाळली तर तोलबिंदू २९.५ वरून २८.४ सेंटिमीटरवर येतो. वाटते, काम झाले. पण मुठीभोवती फिरवायला ती रॅकेट आधीइतकीच जड राहते. जडत्व आघूर्ण पाव टक्क्याने वाढलेच आहे! याउलट डोक्याची कड घासू नये म्हणून तुम्ही दोन ग्रॅमची टेप चिकटवलीत, तर ते साडेपाच टक्क्यांनी वाढते. टेप लावू नका असे मी म्हणत नाही. लावलीत तर तिची किंमत माहीत असू द्या.

आता हात वळवा

समजा, घरात मोठ्या भावाची जड डोक्याची रॅकेट आहे आणि तुम्हाला तीच वापरायची आहे. नवी मागण्याआधी मूठ तीन सेंटिमीटर वर धरून पाहा. फिरण्याचा आस डोक्याच्या जवळ गेला, की सर्व अंतरे कमी होतात. पहिल्या रॅकेटसारख्या रॅकेटीत यामुळे जडत्व आघूर्ण सुमारे १० ते १२ टक्क्यांनी उतरते. म्हणजे दुसरी रॅकेट टाकून तिसरी विकत घेतल्याने जो फरक पडतो, जवळजवळ तोच. किंमत म्हणून तुमची पोच तीन सेंटिमीटरने कमी होते, एवढेच. जाळीजवळच्या खेळात, दुहेरीत पुढे उभे असताना आणि स्मॅश परतवताना मूठ वर धरा. मागच्या रेषेवरून उंच फटका मारताना खाली सरका. मुरलेले खेळाडू एकाच रॅलीत असे वर-खाली सरकताना दिसतील. मुद्दाम लक्ष ठेवून पाहा.

जड डोक्याच्या रॅकेटीचा दुसरा उपाय वेळेचा आहे. ती सुरू व्हायलाही वेळ घेते आणि थांबायलाही. म्हणून फटक्याची सुरुवात थोडी लवकर करा. प्रतिस्पर्ध्याने फूल मारले, की रॅकेट कमरेशी लोंबू न देता छातीसमोर उभी ठेवा. बचावात मोठा फटका फिरवू नका. रॅकेट फुलाच्या वाटेत आणा आणि बोटांनी आवळा. डोक्याचे वजन उरलेले काम करील.

हलक्या डोक्याच्या रॅकेटीची अडचण उलटी असते. ती जाळीजवळ चपळ असते, पण मागून मारलेले टॉस कोर्टाच्या मध्यातच पडतात. अशा वेळी दंडाने ढकलण्याचा मोह होतो. तो टाळा. मागचा हात उंच धरून कुशीवर वळा, फूल डोक्याच्या थोडे पुढे आणि जास्तीत जास्त उंचीवर गाठा, आणि कोपरापासून पुढचा हात आत वळवा. बरणीचे झाकण फिरवताना हात जसा वळतो, तसा. 'मनगट मार' असे आपण म्हणतो, पण जोर मुख्यतः हात असा वळण्यातून येतो. हलक्या रॅकेटीला हा वळसा पूर्ण लागतो. अर्धवट फटका ती माफ करीत नाही.

दांड्याचेही तसेच आहे. लवचीक दांडा फटक्यात मागे वाकतो आणि सरळ होताना वेग देतो. ज्याचा फटका सावकाश असतो, त्याला त्याची मदत होते. ताठ दांड्याला जलद हात लागतो, पण फूल नेमके जाते. लवचीकवरून ताठ दांड्यावर आलात, की पहिल्या दिवशी फूल सरळ बाहेर किंवा जाळीत जाईल. रॅकेटला दोष देण्याआधी वीस मिनिटे फक्त टॉस मारा आणि फूल कुठे पडते ते पाहून वेळ जुळवा.

गटिंगचा ताण सहसा पौंडांत सांगतात. मोठे खेळाडू ३० पौंडांच्या आसपास ताणतात, म्हणून मुलेही तसा आग्रह धरतात. पण सैल जाळी उडी मारायच्या चादरीसारखी असते. ती फुलाला अधिक उसळी देते आणि फूल थोडे बाजूला लागले तरी सांभाळून घेते. घट्ट जाळी नेमकेपणा देते, पण जोर तुम्हीच लावायचा. शिकणाऱ्याला २० ते २२ पौंड बरे. जड डोके, ताठ दांडा आणि फार घट्ट गटिंग ही तिन्ही एकत्र आली, तर कोपराचा बाहेरचा भाग दुखू लागतो. ते दुखणे दुर्लक्षून खेळू नका.

एवढे सगळे बदल सांगितले, तरी एक गोष्ट बदलू नका : पायांचा खेळ. कुठलीही रॅकेट हातात असो, फुलामागे वेळेवर पोचलात तरच वरच्या युक्त्यांना अर्थ आहे.

"हाताला कळते की!"

काही जाणकार म्हणतील, मोजमाप कशाला? रॅकेट दोन-चार वेळा हवेत फिरवली की हाताला कळते. यात तथ्य आहे. अनुभवी प्रशिक्षकाचा हात हे एक उत्तम उपकरणच असते. पण तुमचा-आमचा हात दोन कारणांनी फसतो. एक, त्याला पाच मिनिटांत कशाचीही सवय होते. दोन, तो डोळ्यांचे ऐकतो. चकचकीत रंग आणि मोठी किंमत दिसली, की रॅकेट हलकी वाटू लागते.

हे खोटे वाटत असेल तर करून पाहा. मित्राला तीन रॅकेटींच्या मुठींना सारखीच ग्रिप गुंडाळायला सांगा. डोळ्यांवर रुमाल बांधा आणि रॅकेट कशालाही न लावता फक्त हवेत फिरवा. सर्वांत चपळ कुठली, ते सांगा. मित्राने क्रम बदलून हे दहा वेळा करावे आणि वहीत टिपावे. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलात, तर तुमचा हात खरोखर तयार आहे. चार-पाच वेळाच आलात, तर काट्याची मदत घ्यायला लाजू नका.

दुसरा आक्षेप किमतीचा. महाग रॅकेटीत काहीच नसते का? असते. अगदी स्वस्त रॅकेटीत लोखंडी दांडा असतो आणि तो चौकटीला वेगळा जोडलेला असतो. फूल कडेला लागले की ती हातात पीळ खाते आणि सांध्याशी लवकर सैल होते. तिथून एकसंध कार्बनच्या साध्या रॅकेटीपर्यंत यायला थोडे जास्त पैसे दिले, तर ते वाया जात नाहीत. पण त्यापुढे प्रत्येक जास्तीच्या हजार रुपयांबरोबर तुमचा खेळ वाढेल, ही समजूत सोडा. जालंधर आणि मेरठ येथे मोठा क्रीडासाहित्य उद्योग आहे. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. रॅकेट इथली असो वा परदेशी, तिचा स्वभाव काट्यावर, पट्टीवर आणि झोक्यावर सारखाच प्रकट होतो.

हॉलच्या दारात एक काटा

आपल्या परिसरात चांगले शिकवणाऱ्यांची परंपरा आहे. १९८० ते १९८७ असा सलग आठ वर्षे राष्ट्रीय विजेता राहिलेल्या सय्यद मोदी याच्या नावाने ठाणे महापालिकेची बॅडमिंटन प्रशिक्षण योजना उभी राहिली. श्रीकांत वाड यांच्यासारख्या प्रशिक्षकांच्या हाताखाली तिथे अनेक मुले घडली. दुहेरीत भारताकडून खेळलेला अक्षय देवलकर ठाण्याच्याच तालमीतला. डोंबिवलीतही सावळाराम महाराज क्रीडा संकुलासारखी जागा आहे. खेळण्याची ओढ आहे, शिकवणारेही आहेत. मग रॅकेट निवडणेच नशिबावर का सोडावे?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक हॉलमध्ये आणि प्रत्येक शाळेच्या क्रीडाकक्षात तीन-चार निरनिराळ्या स्वभावांच्या रॅकेटी असाव्यात : एक जड डोक्याची, एक हलक्या डोक्याची, एक ताठ, एक लवचीक. प्रत्येकीवर तिचे वजन, तोलबिंदू आणि झोक्याचा काळ लिहिलेली चिठ्ठी असावी. ज्याला नवी रॅकेट घ्यायची आहे, त्याने आधी आठवडाभर या वापराव्यात. शेजारी एक काटा टांगलेला असावा. वाचनालयातून पुस्तक घरी नेतो, तशीच ही रॅकेटही न्यावी. याला फार खर्च येत नाही. वाढलेल्या मुलांच्या जुन्या रॅकेटी गोळा केल्या तरी सुरुवात होते. मोजणी आणि चिठ्ठ्यांचे काम तर आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. लंबक आणि गुरुत्वमध्य हे शब्द त्यांनी पाठ केलेलेच असतात. ते एकदा कामाला लागतील.

यात केवळ पैशाची बचत नाही. न जुळणाऱ्या रॅकेटीने फटके चुकू लागले, की मूल म्हणते, "मला हा खेळ जमत नाही," आणि खेळणेच सोडते. दोष त्याच्या हातात नसतो, दोन-चार सेंटिमीटरच्या तोलात असतो. तो ओळखायला शिकवले, तर असे कितीतरी खेळाडू कोर्टावर टिकतील.

तेव्हा मित्रहो, या सुट्टीत हे करा. तुमच्या मित्रमंडळींतल्या सगळ्या रॅकेटी एका दुपारी गोळा करा. वहीत चार रकाने आखा : वजन, तोलबिंदू, झोक्याचा काळ आणि गुणाकार. पाचव्या रकान्यात लिहा, ती रॅकेट कुणाच्या हाताला शोभते आणि का. मग संध्याकाळी रॅकेटींची अदलाबदल करून खेळा आणि पाचवा रकाना खरा ठरतो का ते पाहा. ठरला नाही, तर पुन्हा मोजा.